आधी विस्तव विझव

आमच्या घरात भांडण होणार असलं की मी आधी गॅस बंद करते. बटण फिरवते, वाकून भांड्याखाली ज्योत खरंच गेली का ते बघते आणि मगच कमरेला पदर खोचते. इतकी वर्षं संसार झाला तरी ह्यांना याचं हसू येतं. "वाजला शंख," म्हणतात. परवा सून म्हणाली, "आई, सेफ्टीसाठी करता का हे?" म्हटलं, "हो बाई, सेफ्टीसाठीच." तिला काय सांगणार? वाकून बघताना माझ्या पाठीशी कुणीतरी उभं असतं आणि माझ्याबरोबर तेही वाकून बघत असतं, असं मला दर वेळी वाटतं. भीती नाही वाटत. पण अंगावर काटा येतो.

ही सवय गोमतीअक्कांची. मद्रासमधल्या आमच्या घरमालकीणबाई.

ह्यांना अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि मी साताऱ्याहून थेट मद्रासला जाऊन पडले. तेव्हा सगळे मद्रासच म्हणायचे. वेस्ट मांबलममध्ये एका जुन्या घराचा वरचा भाग आम्ही भाड्यानं घेतला. तिकडं त्याला 'पोर्शन' म्हणतात. डास असे की दिवसासुद्धा बोलताना तोंडात जावेत. पण हे म्हणाले, "घरमालक मराठी आहेत," आणि माझा जीव भांड्यात पडला. खाली गेले तर दारात एक उंच, काळीसावळी, नाकात दोन्हीकडं हिऱ्याच्या चमक्या घातलेली बाई उभी. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "सामान अस्क वर गेलं का गे?"

'अस्क' म्हणजे सगळं, हे मला चार दिवसांनी कळलं. तंजावरची मराठी ती. पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच राहिलेली माणसं, शब्द आपल्या पणजीच्या काळचे आणि हेल चक्क तमिळ. अक्कांना माझी मराठी उद्धट वाटायची आणि मला त्यांची पोथीतली. त्या म्हणायच्या, "तुमच्या गावची माणसं बोलतात का लाकडं फोडतात?"

पण बोलण्यात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. लवकर विधवा झालेल्या, पदरात एकच मुलगा, सेतू. शाळेत शिकवून आणि वरचा पोर्शन भाड्यानं देऊन त्याला वाढवलेलं. सेतू तेव्हा नुकताच डिप्लोमा करून अंबत्तूरलाच, ह्यांच्याच कारखान्यात चिकटला होता. पोरगा गरीब, हसरा, आईच्या तोंडाळपणाला मुरलेला.

अक्कांचा तोंडाळपणा म्हणजे ऐकण्याची चीज होती. सकाळी पाचला खालच्या स्वयंपाकघरात पंपाचा स्टोव्ह फर्रर्र करून पेटायचा आणि त्याच्याबरोबर अक्काही. पण बोलणं सगळं भांड्यांशी. डाळीला म्हणणार, "खदखद, खदखद. आत काही नाही आणि वर नुसता फेस." मोहरीला म्हणणार, "कुणी विचारलं तुला? तडतडून उठायची सवयच लागली." भात खाली लागला तर, "बघ, गप्प राहून राहून करपलास ना? तोंड उघडलं असतं तर कुणीतरी ढवळलं असतं." सेतू आदल्या रात्री उशिरा आला असेल तर त्या दिवशी डाळीची धडगत नसायची. लेकी बोले सुने लागे, त्यातली गत. तो इडली खाता खाता म्हणायचा, "अम्मा, डाळीला पुरे, तिला कळलं." आणि अक्का डाळीलाच म्हणायच्या, "बघ, कळलं म्हणतो."

माणसाला मात्र विस्तवासमोर एक वाकडा शब्द नाही. ही त्या घरची रीत.

मला ती कळली ती अशी. एकदा त्यांनी मला सार करायला कथलाचं पातेलं दिलं. तिकडं सार त्याच पातेल्यात करतात, चव वेगळी लागते. पण ते फार नाजूक. आत पाणी नसताना विस्तवावर राहिलं तर वितळून जातं. मी ते स्टोव्हवर ठेवलं, पाणी ओतणार तेवढ्यात ह्यांच्याशी जुंपली. कशावरून ते आता आठवतही नाही, माझ्या माहेरच्यांवरून असणार. भांडून वळते तर पातेल्याचा पार चकाकता लगदा झालेला. मी रडकुंडीला येऊन तो लगदा पदरात झाकून खाली गेले. अक्कांनी बघितला. पातेल्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणाल्या, "कुणाशी भांडत होतीस?"

"ह्यांच्याशी."

"विस्तव पेटता ठेवून?"

मी मान हलवली. तशी त्या बाईनं मला पाटावर बसवलं आणि एवढ्या गंभीरपणे बोलायला लागल्या की माझं रडू पळालं. त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेलं. भांडायचं असेल तर आधी विस्तव विझव. "हे बघ गे," त्या म्हणाल्या, "तापणं, भडकणं, धुमसणं, उकळणं, चरचरणं, पोळणं, होरपळणं. भांडणाचे अस्क शब्द कुणाचे? ह्याचे. आपण ह्याच्याकडून मागून आणलेत. डाळीला बोललं तर त्याचं त्याला कळतं, ते त्याचंच काम. पण त्याच्यासमोर तेच शब्द माणसाला लावले की त्याला वाटतं, हुकूम आला. तो करून टाकतो."

मी साताऱ्याची, मला हसू आवरेना. पण रीत चांगली होती हे कबूल. लाकडाच्या चुलीच्या काळात विस्तव विझवायचा म्हणजे पुन्हा पेटवायला डोळ्यांत धूर आणि घशात राख. तेवढ्यात निम्मा राग निवत असणार. स्टोव्हचं तसं नव्हतं, किल्ली सैल केली की काम झालं. तरी सूं करून हवा जायची आणि घर एकदम शांत व्हायचं. वरच्या खोलीत बसून आम्हांला कळायचं, खाली आता भांडण आहे. हे पेपर खाली ठेवायचे. मग अक्का पाच मिनिटं सेतूला किंवा भाजीवालीला किंवा मलाही सडकून काढायच्या, आणि पुन्हा फर्रर्र. पुन्हा डाळीची पाळी.

मग त्या घरात गॅस आला. सेतूनंच पहिल्या बोनसमधून घेतला. दोन बर्नरची चकचकीत शेगडी. अक्कांना कौतुक होतं, पण एक तक्रार होती. "हा बोलत नाही गे," म्हणायच्या. "जळतो का नाही, कळत नाही. घुमा आहे."

त्याच सुमाराला सेतूचं जेवण बिघडलं होतं. अक्का पहाटे उठून डबा करायच्या आणि डबा संध्याकाळी तसाच भरलेला परत यायचा. कारखान्यातल्या मित्रांबरोबर तो जवळच्या मेसमध्ये जेवायचा. बस्स, एवढंच. मोहरीएवढं कारण. कुणा पोरीची भानगड नाही, व्यसन नाही. तरुण पोराला चारचौघांत बसून जेवावंसं वाटलं.

मी त्या सकाळी विरजण मागायला वाटी घेऊन खाली गेले होते. दारातच थबकले. अक्कांनी सेतूसमोर आदल्या दिवशीचा आंबलेला डबा उघडून ठेवला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी दुधाखालच्या गॅसचं बटण फिरवलं. मी बघितलं, त्यांनी फिरवलं. आणि मग सुरुवात झाली. सेतू एरवी हसण्यावारी न्यायचा, पण त्या दिवशी तोही तापला. म्हणाला, "मी लहान आहे का अजून? तुझ्या डब्यापायी मला लोक हसतात." अक्कांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांच्या तोंडून निघालं, "मग जा! पुन्हा माझ्यापुढं आलास तर माझं मेलं तोंड बघशील!"

आपल्याकडं हे वाक्य दिवसातून दहांदा म्हटलं जातं. माझी आई तर वरणात मीठ जास्त पडलं तरी म्हणायची. पण ते वाक्य पुरं होतंय तोच शेगडीवर चर्रर्र झालं. दूध उतू गेलं.

तिघंही वळलो. अक्कांनी बटण उलट्या बाजूला फिरवलं होतं. बंद व्हायच्या ऐवजी ज्योत बारीक झाली होती, नखाएवढी निळी, उन्हात दिसेलशी नव्हती. त्या सबंध वेळ ती तिथं जळत होती. ऐकत होती, असं मी त्या दोघांच्या चेहऱ्यांकडं बघून म्हणते. माझा विश्वास नाही. पण त्या क्षणी मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

सेतू पुढं झाला, वाकून ज्योत बघितली, बटण नीट बंद केलं. मग खुंटीवरची पिशवी घेतली आणि आईकडं न बघता दाराबाहेर पडला. अक्का भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं आणि ते पुसायचं कुणाला सुचलं नाही.

संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबर निरोप आला: अंबत्तूरला मित्राच्या खोलीवर राहतो, काळजी करू नको. मी म्हटलं, चार दिवसांचा रुसवा. चार दिवसांनी मी स्वतः ह्यांना घेऊन अंबत्तूरला गेले. चांगला झापला त्याला. "काय हा पोरखेळ! आई झुरतेय तिकडं, चल घरी."

तो म्हणाला, "वैनी, मी रागावलेलो नाही. पण मी पुढं गेलो आणि अम्माला काही झालं तर?"

"काही होत नाही!"

"नाही होणार. पण झालं तर?" त्याचे डोळे भरून आले होते. "मला आई एकच आहे. ती तिकडं जिवंत आहे एवढं मला बास."

आता बोला! परत येऊन तीच उलटतपासणी मी अक्कांची घेतली. अक्कांना मरणाचं काही नव्हतं. "मी मेले तर मेले, म्हातारीच आहे मी," त्या म्हणाल्या. "पण तो जन्मभर म्हणेल, मी घरी गेलो म्हणून आई मेली. ते मी त्याच्या डोक्यावर कसं ठेवू गे?" म्हणजे तो हिला जपत होता आणि ही त्याला. रागाचा मागमूस कुठं नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, राग कधीतरी निवतो. त्या दोघांना माया नडली.

उपाय शोधला नाही असं नाही. अक्कांनी आपल्या उपाध्यांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, शास्त्रात असं काही नाही, त्यामुळं त्याला प्रायश्चित्तही नाही. "ही रीत तुमच्या घरची. सोडवायची कशी ते तुमच्या सासूबाईंना विचारायला हवं होतं." सासूबाई केव्हाच गेलेल्या. आणि त्यांना तरी कुठं ठाऊक असणार? त्या घरात आजवर कुणी रीत मोडलीच नव्हती.

तेव्हापासून खालचं स्वयंपाकघर मुकं झालं. अक्का स्वयंपाक करायच्या, पण ओठ घट्ट मिटून. डाळीलाही बोलणं नाही. मोहरी तडतडायची आणि कुणी तिला दटावायचं नाही. सकाळी पाचला जाग आली की मी वर अंथरुणात पडून कान देऊन ऐकायची. भांड्याला भांडं लागल्याचा आवाज यायचा, बाई असल्याचा नाही. भरल्या घरात भूत वावरावं तसं वाटायचं. एकदा न राहवून खाली गेले आणि म्हटलं, "अक्का, डाळीला तरी शिव्या घाला हो, मला करमत नाही." त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं आणि ज्योतीकडं बघितलं.

डबा मात्र सुरू होता. ह्यांच्या हातून रोज अंबत्तूरला जायचा आणि रोज रिकामा, धुतलेला परत यायचा. अक्का झाकण काढून आत बघायच्या, वास घ्यायच्या, पुन्हा लावायच्या. हे सुट्टीवर असले की त्या दिवशी घरात सुतक. समोरच्या दुकानात फोन बसला तेव्हा मी म्हटलं, आवाज तरी ऐका. "नक्को गे. आवाज ऐकला की बघावंसं वाटेल."

सेतूनं तिकडंच लग्न केलं. मुलगी तमिळ, वसंता, टपाल खात्यात कामाला, फटकळ आणि मायाळू. लग्नाला अक्का गेल्या नाहीत, दोन डबे पुरणपोळ्या गेल्या. पुढं वसंता मुलीला घेऊन दर रविवारी सासूकडं यायची आणि दर रविवारी भांडायची, "अत्तै, हे अस्क खोटं आहे." आमच्या घरात तीसुद्धा 'अस्क' शिकली होती. अक्का नातीच्या केसांना तेल लावत म्हणायच्या, "खोटं असेल तर माझं चुकलं. खरं असेल तर तुझा नवरा कुठं तोंड लपवील?" वसंता कपाळावर हात मारून घ्यायची.

पुढं कितीतरी वर्षांनी, एकदाच त्यांनी त्याला बघितलं. सेतू कुठल्याशा कामाला मांबलम स्टेशनवर येणार, असं वसंताच्या बोलण्यात आलं. अक्कांनी मला गाठलं. "त्याच्यापुढं जायचं नाही असं बोललेय. मागं उभं राहायला काय हरकत?" आम्ही दोघी स्टेशनच्या पुलावर गेलो. खाली फलाटावर तो पाठमोरा उभा होता. अक्का कठडा धरून बघत राहिल्या. लोक धक्के देत जात होते. गाडी आली, तो चढला नाही. आणखी एक आली, तरी चढला नाही. मान इकडची तिकडं हलवली नाही त्यानं. ताठ, दुखत असल्यासारखी धरलेली. मग माझ्या लक्षात आलं, त्याला कळलंय. वसंतानं सांगितलं असणार. आई मागं पुलावर आहे हे ठाऊक असून तो पोरगा आईला पोटभर बघून घेऊ देत होता. मला तिथंच हुंदका फुटला. अक्का म्हणाल्या, "मागनं केस पांढरे झालेत गे त्याचे," आणि जिना उतरायला लागल्या.

नंतर त्या खंगत गेल्या. आधी गुडघे, मग छाती. डॉक्टर म्हणाले, वय. अंगावर मांस राहिलं नाही, चमक्यांनी नाक ओढल्यासारखं दिसायचं. शेवटच्या आठवड्यात मी म्हटलं, "आता तरी बोलावते त्याला. आता काय राहिलंय व्हायचं?" अक्कांनी माझं मनगट पकडलं. एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"आता तर मुळीच नक्को. आता आला आणि मी गेले तर शब्द खरा झाला." धाप लागली, थांबल्या. मग म्हणाल्या, "मी गेले की बोलाव. पण माझं तोंड झाकून ठेव. त्याला बघू देऊ नकोस. मेलं तोंड बघशील म्हटलं होतं ना मी? नाही बघायचं त्यानं. मी खोटी पडले पाहिजे." आणि कितीतरी वर्षांनी त्या बाईच्या तोंडावर जुना फटकळपणा उमटला. "कुणी आडवं आलं तर भांड. तुला काय शिकवायचं?"

मंगळवारी दुपारी त्या गेल्या. मी आणि वसंतानं त्यांना खाली निजवलं, माझी एक नवी सुती साडी काढून डोक्यापासून छातीपर्यंत पांघरली आणि कडा दोन्ही खांद्यांखाली खोचल्या.

सेतू आला. उंबऱ्यापाशी थांबला. इतक्या वर्षांनी स्वतःच्या घरात पाय टाकायचा, त्याला जमेना. वसंतानं हात धरून आत आणलं. पायांशी बसला, पावलं दोन्ही हातांत धरून बसून राहिला. मग उपाध्ये म्हणाले, मुलानं आईच्या तोंडात तांदूळ घालायचे, तोंड उघडा. मी म्हटलं, उघडायचं नाही. ते म्हणाले, बाई, हा विधी आहे. मी म्हटलं, विधी तुमचा, शब्द त्यांचा. जमलेले शेजारी कुजबुजायला लागले. उपाध्ये चिडले, मीही चिडले. मयताच्या घरात मी साताऱ्याच्या खड्या आवाजात भांडले आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. शेवटी मी सेतूकडं वळून अक्कांचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "द्या तांदूळ."

मुठीत तांदूळ घेतले. डोळे गच्च मिटले. आणि साडीची कड जराशी सोडवून त्यानं हात आत घातला. साडीखाली त्याची बोटं हळूहळू सरकताना आम्हांला दिसत होती. हनुवटी, मग ओठ. तिथं थांबली. तांदूळ घातले. हात बाहेर काढील असं वाटलं, पण त्यानं काढला नाही. बोटं वर गेली, गालावरून, डोळ्यांवरून, कपाळावरून, पुन्हा खाली आली. आंधळा माणूस चाचपतो तशी.

"वैनी," डोळे न उघडताच तो म्हणाला, "एवढी वाळली होती अम्मा? कुणी मला सांगितलं का नाही?"

तो हात तसाच आत ठेवून बसून राहिला. मग वसंतानं खाली वाकून त्याचा हात सोडवला, साडी पुन्हा खोचली, आणि ती म्हणाली, "आता डोळे उघड."